हलगी खाली ठेवली ती का, आणि पुन्हा उचलली ती का?

(करमाड येथील ज्युबिली-सोहळ्यात धर्मग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



ज्युबिली हा नुसता आनंदाचा दिवस नव्हे. तो हिशेबाचाही दिवस आहे. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाविषयी जी आज्ञा आहे, तीत शिंग फुंकून देशभर मुक्ततेची घोषणा करावी, दास्यात पडलेल्याने आपल्या कुटुंबात परत जावे आणि हातची गेलेली जमीन ज्याची त्यास परत मिळावी, असे सांगितले आहे. ज्या हिब्रू शब्दावरून 'ज्युबिली' हा शब्द आला, त्याचा मूळ अर्थ एडक्याचे शिंग. म्हणजे आपण ज्या नावाने हा सोहळा साजरा करीत आहोत, ते नाव मुळात एका वाद्याचे आहे. आणि ते वाद्य वाजवावयाचे ते दास्य संपले हे सर्वांस कळावे म्हणून. आज आम्हांस जे सांगावयाचे आहे, त्याचे बीज याच एका गोष्टीत आहे.

उत्सव-समितीने आम्हांस अशी आज्ञा केली की, करमाडच्या ज्या पाच-सहा मंडळींनी कॉलेजात असताना लोकवाद्यवृंदात वाजविले, त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी या प्रसंगी सांगाव्यात. आम्ही वक्ते नव्हे. हातात वाद्य असले म्हणजे आमची बोटे बोलतात. ते नसले म्हणजे जीभ अडखळते. तथापि समितीचा हेतू केवळ गमतीदार आठवणी ऐकण्याचा नाही, हे आम्ही जाणतो. आपल्या उपासनेत व सणांच्या मिरवणुकीत गेली काही वर्षे हलगी वाजू लागली आहे. तरुणांस ती आवडते. परंतु काही वडील मंडळींच्या कपाळावर ती ऐकून आठी पडते, आणि ती का पडते हे बहुतेक मुलांस ठाऊक नाही. त्या आठीचा अर्थ मुलांस कळावा आणि मुलांच्या उत्साहाचा अर्थ वडिलांस कळावा, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

आम्ही सांगतो त्या गोष्टी १९९४ सालच्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतील आहेत. आपले गाव छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादच्या, पूर्वेस जालना रस्त्यावर आणि मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले असल्यामुळे शहरातील कॉलेज आम्हांस दूर नव्हते. पॅसेंजर गाडी मिळाली तर गाडीने, ती चुकली तर एस. टी.ने आम्ही जात असू. घरी कापसाची वेचणी असली म्हणजे तास बुडत, आणि मग ते भरून काढण्यासाठी संध्याकाळी उशिरापर्यंत शहरात थांबावे लागे. अशाच एका संध्याकाळी आम्ही कॉलेजच्या सभागृहात शिरलो आणि लोकवाद्यवृंदात सापडलो.

विद्यापीठाचा युवक महोत्सव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नाटक, वक्तृत्व, समूहगान, लोकनृत्य अशा अनेक स्पर्धा तेथे होतात. लोकवाद्यवृंद ही त्यांपैकीच एक. प्रत्येक कॉलेजने आपला संच घेऊन यावे आणि ठरलेल्या काही मिनिटांत आपल्या भागाचे संगीत केवळ वाद्यांतून ऐकवावे, असा हा प्रकार. आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितले की, विजेवर चालणारे कोणतेही वाद्य आणावयाचे नाही. गिटार व कीबोर्ड वाजविणारी शहरातील मुले हिरमुसली. खेड्यांतून आलेल्या मुलांचे मात्र प्रथमच काही मोल ठरले.

वाद्ये एकेक करून जमू लागली. पैठणकडच्या एका गोंधळी कुटुंबातील मुलाने संबळ आणला. संबळ म्हणजे दोन तोंडांची जोडी : एक लहान व उंच आवाजाचे, दुसरे मोठे व खर्जाचे. दोन्ही एकत्र बांधलेली, आणि वाजविण्याच्या दोन काठ्यांपैकी एकीचे टोक वाकडे. ज्याचा चुलता तमाशाच्या फडात होता, त्याने ढोलकी आणली. एका मुसलमान मित्राने घरची सनई आणली. त्याचे वडील लग्नकार्यात ती वाजवीत. आमच्यातील एका भगिनीने तुणतुणे हाती घेतले. पोकळ नळकांड्याच्या तळाला कातडे, बाजूस काठी आणि तिच्या खुंटीस ताणलेली एकच तार, एवढेच ते वाद्य. त्याचा सूर बदलत नाही, परंतु तो थांबला तर शाहिराचा आधारच जातो. दिमडी मिळाली, तीही बकऱ्याच्या कातड्याची. कारण पूर्वी तिला घोरपडीचे कातडे मढवीत, आणि १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यास मनाई आहे. टाळ, झांज, चिपळ्या यांची वाण नव्हती.

सर्व जमले, तेव्हा प्राध्यापकांनी विचारले, "हलगी कोण आणणार?"

सभागृहात वीस-पंचवीस मुले होती. कोणी काही बोलले नाही. परंतु सर्वांची दृष्टी आम्हां करमाडच्या मुलांकडे वळली. ती का वळली, हे आम्हांस कोणी सांगावयास नको होते. आमच्या नावांवरून, आडनावांवरून, आमचे बापजादे कोण होते हे सर्वांस ठाऊक होते. आम्ही ख्रिस्ती झालो होतो, आमच्या गळ्यांत क्रूस होता, आमच्यापैकी एकानेही आयुष्यात हलगी हाती धरली नव्हती. तरी हलगी म्हटली की दृष्टी आमच्याकडे वळत होती. त्या दृष्टीत द्वेष नव्हता. पण जुनी वहिवाट होती, आणि वहिवाट द्वेषापेक्षा चिवट असते. आम्ही "पाहतो" एवढेच म्हणालो आणि घरी आलो.

आता मुलांनी नीट ऐकावे. हलगी हे वाद्य दिसावयास अगदी साधे आहे. एक गोल कडे, त्यावर एका बाजूने ताणून बसविलेले बकऱ्याचे कातडे, आणि दोन काठ्या : उजव्या हातात आखूड व जाडसर, डाव्या हातात लांब व बारीक. डाव्या खांद्यास ती लटकवितात. कातडे ओलसर झाले की आवाज बसतो, म्हणून वाजविण्यापूर्वी आणि मधूनमधूनही तिला जाळावर शेकावे लागते. असे हे वाद्य चार माणसांनी मोकळ्या मैदानात वाजविले तर कोसभर ऐकू जाते. म्हणूनच गावास तिची गरज होती. पोळ्याच्या मिरवणुकीपुढे हलगी, लग्नाच्या वरातीपुढे हलगी, कुस्तीच्या फडात हलगी, प्रेतयात्रेतही हलगी. आणि ती वाजविण्याचे काम ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या लादलेले होते, त्यांत मातंग समाज मुख्य. ठिकठिकाणी महार समाजाकडेही वाजविण्याचे व वर्दी देण्याचे काम असे. बोलावणे आले की जावयाचे. घरी ताप असो, बाळंतीण असो, जावयाचे. वाजवीत देवळापर्यंत जावयाचे आणि पायरीशी थांबावयाचे. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले पदरात घेऊन यावयाचे. ज्याच्या वाद्यावाचून गावाचे एकही मंगल कार्य होत नसे, त्याला मांडवात बसावयास जागा नसे. गावगाड्याचे हे गणित होते.

हे गणित मोडणारे पुष्कळ निघाले. १९२७ सालच्या मार्च महिन्यात महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडून द्या, असा उपदेश केला; त्याचा ध्वनी पुढे सर्व महाराष्ट्रात पसरला. १९५० साली त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. आणि खेड्यांतील मुलांस नवी वाट सापडली. आमच्या घरांत दुसराही एक प्रकाश आला होता, तो शुभवर्तमानाचा. ज्या वेदीपाशी सर्वांनी एकाच भाकरीचे सेवन करावयाचे, त्या वेदीपाशी गुडघे टेकलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी उष्ट्यासाठी पदर पसरावा, हे कसे शक्य होते? आमच्या आजोबांच्या पिढीने हलगी खाली ठेवली ती अशी. कोणी जाळली, कोणी फोडली, कोणी विहिरीत टाकली. आमच्यापैकी एकाच्या घरी मात्र नुसते कडे, कातडे काढलेले, धान्याच्या कणगीमागे खुंटीस लटकत होते. लहानपणापासून आम्ही ते पाहत होतो. पण ते काय आहे, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही ते विचारले. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेकराहो, हे वाजवायचं सोडलं म्हणून तुमी कालेजात गेलात. आता कालेजातून येऊन हेच मागता?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते नाही हे आम्ही त्यांस सांगितलेही. ते उत्तर आम्हांस पुढे हळूहळू मिळाले.

आजोबांनी शिकविण्याचे नाकारले. म्हणून आम्ही शेजारच्या एका खेड्यात अजून वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आम्हांस दोन महिने शिकविले. प्रथम आठ दिवस त्यांनी काठी हाती दिलीच नाही. नुसती हलगी शेकावयास लावली. कडब्याची चार ताटे पेटवावयाची, कातडे जाळापासून हातभर उंच धरून फिरवावयाचे, आणि बोटाने टिचकी मारून आवाज ऐकावयाचा. कमी शेकले तर आवाज भद्द येतो, अधिक शेकले तर कातडे फाटते. "वाद्याला आच लागती, पण जळू द्यायचं न्हाई," असे ते म्हणत. मग त्यांनी चाली शिकविल्या. वरातीची चाल वेगळी, कुस्तीची वेगळी, मयताची वेगळी. मयताच्या चालीत दोन ठोक्यांमध्ये जी मोकळी जागा असते, तीच ते वारंवार ऐकवीत. ठोका कोणासही मारता येतो. थांबावयास शिकावे लागते, हे आम्ही त्यांच्यापाशी शिकलो. शाळेची पायरी न चढलेल्या त्या माणसाच्या हातात जे शास्त्र होते, ते कोणत्याही पुस्तकात आम्हांस पुढे सापडले नाही.

आजोबांस हे सर्व कळत होते. एके रात्री त्यांनी आम्हांस बोलाविले आणि कणगीमागचे ते कडे आमच्यापुढे ठेवले. "वाजवा," ते म्हणाले, "पण दोन गोष्टी ध्यानात धरा. कुणी हुकूम केला म्हणून वाजवू नका. आन् जिथं वाजवाल तिथं पंगतीत बसून जेवा. नाहीतर उपाशी या." त्या कड्यास आम्ही नवे कातडे चढविले, आणि तीच हलगी महोत्सवाच्या रंगमंचावर गेली.

महोत्सवात आम्हांस कोणते पारितोषिक मिळाले, हे येथे सांगण्याचे कारण नाही. सांगावयाचे आहे ते तालमीच्या दिवसांविषयी. एकाच सतरंजीवर गोंधळी, मुसलमान, मराठा, बौद्ध, मातंग, ख्रिस्ती अशी मुले बसत. संबळ वाजविणारा आमचा मित्र वाद्यास हात लावण्यापूर्वी त्याची पूजा करी, कारण त्याच्या घरी संबळ हे तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळाचे वाद्य. तो पूजा करीत असता आम्ही शांत उभे राहत असू. आम्ही क्रूसाची खूण करून वाजवावयास बसत असू, तेव्हा तो थांबत असे. कोणी कोणास आपल्या श्रद्धेकडे ओढले नाही, आणि कोणी कोणाच्या श्रद्धेस हसले नाही. आपला धर्म घट्ट धरून दुसऱ्याच्या शेजारी कसे बसावे, हे आम्हांस व्याख्यानांनी शिकविले नाही. त्या सतरंजीने शिकविले. लोकवाद्यवृंदात कोणा एकाचे वाद्य मोठे नसते. सनईस संबळ लागतो, ढोलकीस तुणतुणे लागते, आणि हलगी सुरू झाली की सर्वांनी तिच्या चालीने चालावे लागते. ज्या वाद्यास गावात पायरीच्या वर स्थान नव्हते, ते तेथे मध्यभागी उभे होते.

परंतु रंगमंच म्हणजे गाव नव्हे. महोत्सवानंतर आमच्या संचाची थोडी ख्याती झाली, आणि एका गावच्या प्रतिष्ठित गृहस्थांकडून लग्नाचे बोलावणे आले. बिदागी चांगली होती. आमच्यातील दोघांची वर्षाची फी तीत भागली असती. सर्व ठरल्यावर निरोप आला तो असा : सनई, संबळ व ढोलकीवाल्यांनी मांडवात बसावे, हलगीवाल्यांनी वेशीपासून वाजवीत यावे आणि बाहेर थांबावे, त्यांच्या जेवणाची व्यवस्था नंतर होईल. निरोप आणणाऱ्याने तो अगदी सहज सांगितला; त्यात कोणास काही लागण्यासारखे आहे, हे त्याच्या ध्यानीही नव्हते. आम्ही काही बोलण्यापूर्वीच आमचा संबळवाला मित्र म्हणाला, "मग संबळही बाहेरच थांबेल." सनईवाला म्हणाला, "आणि सनईही." कोणी भाषण केले नाही. आम्ही त्या लग्नास गेलो नाही, आणि फीचे पैसे दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून उभे केले. आजोबांच्या दोन अटींचा अर्थ त्या दिवशी सर्व संचास कळला.

बंधुभगिनींनो, कॉलेजातील वाद्ये ख्रिस्तमंदिरात कशी आली, हेही थोडक्यात सांगावयास हवे. कारण काहींचा समज असा की, हा आम्हां तरुणांचा हट्ट होता. एक काळ असा होता की, चर्चमध्ये ढोल वाजविणे खरोखरच वर्ज्य होते. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात पियानोला आणि ढोल, झांज यांसारख्या गोंगाटी वाद्यांना मंदिरात मनाई केलेली होती. त्या काळच्या युरोपातील मंदिरांत नाटकगृहांतील संगीत शिरले होते, ते बाहेर घालविण्याचा त्यांचा हेतू होता. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीची घटना संमत केली. तीत ग्रेगरीय गायनाचा व ऑर्गनचा मान कायम ठेवला. पण ज्या देशांतील लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तेथे त्या परंपरेस योग्य तो मान द्यावा, आणि जी वाद्ये पवित्र कार्यास योग्य आहेत किंवा योग्य करता येतात, ती अधिकारी धर्मगुरूंच्या संमतीने उपासनेत घ्यावीत, असे स्पष्ट सांगितले. 'योग्य करता येतात' या शब्दांकडे आपण लक्ष द्यावे. वाद्य जन्मतः पवित्र किंवा अपवित्र नसते. ते कोणासाठी, कोणत्या मनाने आणि कोणत्या रीतीने वाजते, यावर त्याची योग्यता ठरते.

आपल्या भाषेत तर ही वाट फारच जुनी आहे. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी तारणाची कथा लॅटिनात न सांगता मराठी ओवीत सांगितली, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. ओवी म्हणजे आपल्या आयाबहिणींची जात्यावरची चाल. तीनशे वर्षांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी, ते आपल्या कॅथोलिक मंडळीचे नव्हते तरी, भजन व कीर्तन या देशी रीतींनी अहमदनगरकडील ख्रिस्ती उपासनेत नवा प्राण घातला. आपला धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा होऊन उभा राहिला. तो परिषदेनंतर जन्मलेला धर्मप्रांत आहे, आणि पेटी, तबला, टाळ ही त्याच्या खेड्यांतील मिस्साबलिदानात घरचीच झाली आहेत. ओवी आली, अभंग आला, टाळ आला. मागे राहिली होती ती हलगी. आणि ती मागे राहिली होती याचे कारण संगीतात नव्हते, आमच्या जखमेत होते.

या जखमेविषयी पवित्र शास्त्र मौन नाही. स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र आपण वाचले असेल. बाबेलच्या बंदिवासात नेलेले लोक नदीकाठी बसून रडतात. त्यांना धरून नेणारे म्हणतात, आम्हांस तुमची गाणी ऐकवा, आमचे मन रमवा. आणि ते लोक आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवतात. तेथे देवाने त्यांस असे म्हटलेले नाही की, तुम्ही वाद्ये टाकून पाप केले. बंदिवासात धन्याच्या करमणुकीसाठी गाण्यापेक्षा वाद्य टांगून ठेवणे, हीच त्या वेळची भक्ती होती. आमच्या आजोबांची हलगी कणगीमागे टांगलेली होती ती या अर्थाने. परंतु स्तोत्रसंहिता १३७ व्या स्तोत्रावर संपत नाही; ती १५० व्यावर संपते. आणि त्या शेवटच्या स्तोत्रात शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्ये, पावा, झांज अशी वाद्यांची यादीच आहे. जणू झाडांना टांगलेले सारे काही पुन्हा खाली उतरविले आहे. दोन्ही स्तोत्रे एकाच पुस्तकात आहेत. पहिले विसरून दुसरे गाणारा उथळ ठरतो. दुसऱ्यापर्यंत न पोहोचणारा बंदिवासातच राहतो.

आजोबांच्या प्रश्नाचे जे उत्तर आम्हांस मिळाले, ते हेच. हुकमाने वाजते ती वेठ. आपखुशीने वाजते ती स्तुती. कातडे तेच, कडे तेच, हातही त्याच कुळाचे. बदलली ती वाजविणाऱ्याची मान. ज्यांनी हलगी खाली ठेवली, त्यांनी आमची मान सरळ केली; म्हणून आम्ही ती उचलू शकलो. ते आधी झाले नसते, तर आमचे वाजविणे ही जुन्याच वेठीची नवी आवृत्ती ठरली असती.

धर्मगुरूंच्या संमतीने एका नाताळात प्रथमच अर्पणविधीच्या वेळी हलगी वाजली, तेव्हा आजोबा पहिल्या रांगेत होते. आम्ही मुद्दाम वरातीची चाल निवडली नाही, कुस्तीचीही नाही. त्या वृद्ध गुरूंनी शिकविलेल्या मोकळ्या जागा ठेवून संथ चाल वाजविली. ज्यांस पूर्वी पायरीशी थांबावे लागे, त्यांची नातवंडे वाजवीत वेदीपर्यंत गेली. मिस्सा आटोपल्यावर आजोबा आमच्याजवळ आले. त्यांनी स्तुती केली नाही. हलगीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "थंडीचं कातडं बसतं. बाहेर जाळ करून ठेवत जा." पुढील नाताळापासून तो जाळ पेटविण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले, आणि हयात असेपर्यंत ते दुसऱ्या कोणास करू दिले नाही.

आता काही विनंत्या करून आम्ही आपला निरोप घेतो.

मुलांस आमचे सांगणे असे की, हलगी शिकावयाची तर यंत्रावर ऐकून शिकू नका. वाजविणारे जे थोडे वृद्ध आपल्या पंचक्रोशीत उरले आहेत, त्यांच्यापाशी जाऊन बसा. त्यांच्याबरोबर चाली चालल्या आहेत. आणि मुलींनीही शिकावे; आमच्या संचात तुणतुण्याचा अखंड सूर एका मुलीनेच धरला होता.

ज्या दिवशी मुलाच्या हाती हलगी द्याल, त्याच दिवशी ती एकदा का खाली ठेवली गेली होती, हेही त्यास सांगावे. हा इतिहास लपविण्याने नाहीसा होत नाही. तो फक्त अनोळखी होतो, आणि अनोळखी इतिहास पुन्हा घडावयास वेळ लागत नाही.

ज्या वडील मंडळींस हलगीचा आवाज आजही सोसवत नाही, त्यांच्याशी तरुणांनी वाद घालू नये. त्यांच्या कानांत जे वाजते, ते आमच्या कानांत वाजत नाही. दुःखाच्या प्रसंगी, किंवा एखाद्या कुटुंबाने नको म्हटल्यास, ती बाजूस ठेवण्यात कमीपणा नाही. हुकमाने वाजवू नये हा जसा एक नियम, तसा कोणावर लादून वाजवू नये हा दुसरा.

उपासनेत वाद्य हे सेवक आहे, हे विसरू नये. पवित्रीकरणाच्या वेळी शांतता असावी. मंडळीचा आवाज ज्या वाद्याखाली बुडतो, ते वाद्य कितीही देशी असले तरी त्या वेळी अयोग्यच होय.

शेवटची विनंती सर्वांस. आपल्या लग्नकार्यांत आपणही बाहेरून वाजविणारे बोलावितो. ते कोणत्याही समाजाचे असोत, त्यांची बिदागी आधी ठरवावी, ठरल्याप्रमाणे हातात द्यावी, आणि त्यांस मांडवात, आपल्या पंगतीत, आपल्याबरोबर जेवावयास बसवावे. आपण ज्या पायरीवरून वर आलो, तीवर दुसऱ्या कोणास उभे करू नये. या ज्युबिलीच्या वर्षात एवढे एक पाळले गेले, तरी शिंग फुंकल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

ज्या धर्मगुरूंनी आमचे वाद्य वेदीजवळ येऊ दिले, ज्या गुरूंनी आम्हांस शेकणे व थांबणे शिकविले, ज्या मित्रांनी आमच्यासाठी मांडव नाकारला, आणि ज्या वडिलांनी आमच्या आधी हलगी खाली ठेवण्याचे धैर्य दाखविले, त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. त्यांतील जे प्रभूच्या घरी गेले, त्यांस चिरशांती लाभो. आणि जे आपल्यात आहेत, त्यांस या सोहळ्याचा आनंद पूर्ण लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण संपवितो.